उंची वाढवायचीय... पण किती?

"मॅडम, एकदा साहेबांना घेऊन या ना. त्यांना सगळं नीट समजावून सांगतो."

नगर रोडवरच्या त्या चकाचक ऑफ-रोड शॉपमधला जेलवाला मुलगा मला हे सांगत होता, तेव्हा माझ्या हातात मेजर टेप होती, जीन्सच्या गुडघ्याला ग्रीस लागलं होतं आणि गेल्या दहा दिवसांत मी सस्पेन्शनवर जेवढं वाचलं होतं तेवढं मास कॉमच्या दोन वर्षांत कम्युनिकेशन थिअरीवर वाचलं नव्हतं. आता साहेब कुठून आणू? साहेब नाहीतच. आहे तो दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. आणि तो डॅलसला!

तर स्टोरी अशी. दादा हिंजवडीत आयटीवाला. २०२३ मध्ये त्यानं सेकंडहँड व्ही-क्रॉस घेतली, २०१७ चं मॉडेल. ज्यांना गाड्यांमधलं कळत नाही (मी पण तुमच्यातलीच होते) त्यांच्यासाठी : इसुझुचा हा पिकअप ट्रक भारतात आला २०१६ साली. पुढे पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा, फोर बाय फोर, आणि लांबी सव्वापाच मीटरच्या वर. म्हणजे कोथरूडच्या गल्लीत पार्किंग शोधताना कुलदैवत आठवतं. दादाची ड्रीम गाडी होती ती. लडाख, स्पिती, वगैरे वगैरे. गाडी आली आणि सहाच महिन्यांत कंपनीनं त्याला ऑनसाइट पाठवलं. लडाख राहिलं बाजूला, किल्ली आली माझ्याकडे. फ्रीलान्स पत्रकार, आजवर स्कूटीच्या डिकीत संसार घेऊन फिरणारी मी, एकदम ट्रकवाली झाले.

आमचं गाव सासवडच्या पुढे. अंजीर आणि सीताफळाची बाग. बागेत जायला शेवटचा दीडेक किलोमीटर कच्चा रस्ता आणि मध्ये एक ओढा. एरवी कोरडा, पण जुलैत त्याच्या दोन्ही कडा अशा तुटतात की गाडी नाक खाली करून उतरते आणि शेपूट आपटून वर चढते. गेल्या जुलैत मी उतरले आणि खालून आवाज आला, खर्रर्र... अंगावर काटा. चढताना मागून पुन्हा एकदा. मी घाबरत दादाला व्हॉट्सअ‍ॅप केलं. दोन मिनिटांत उत्तर हजर : "लिफ्ट कर. सहा इंच. निदान चार तरी."

पाठोपाठ फोटोंचा पाऊस. तिथल्या ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमधले पिकअप. एकाची चाकं दादाच्या कमरेपर्यंत, दरवाजा छातीपर्यंत. टेक्ससमध्ये हे कॉमन म्हणे. तिकडे गाडी उंच करणं ही अख्खी संस्कृती आहे, बॉस. काही ठिकाणी तर नुसतं नाक वर आणि ढुंगण खाली अशी फॅशन आली होती. ते इतकं वाढलं की नॉर्थ कॅरोलायनानं २०२१ मध्ये कायदा करून त्यावर बंदी आणली. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच दिसलं की गुन्हा. ड्रायव्हरला समोरचा माणूसच दिसेना, म्हणून!

माझ्यातली पत्रकार जागी झाली. दादा सांगतो म्हणून दोन लाख घालायचे, तर आधी सोर्स चेक करायला नको?

पहिला धक्का इथेच बसला. माझी समजूत अशी, की गाडी चार इंच उचलली म्हणजे खालचं सगळं चार इंच वर जाणार. साफ चूक. व्ही-क्रॉसच्या मागच्या बाजूला दोन चाकांना जोडणारा एक सलग दांडा आहे आणि मधोमध डिफरन्शिअलचा गोळा. सस्पेन्शन या दांड्याच्या वर बसतं. तुम्ही पाट्यांना कितीही कमान द्या, चेसिस वर जाईल, केबिन वर जाईल, गोळा मात्र जिथल्या तिथेच! त्याला वर न्यायचं तर चाक मोठं पाहिजे. आणि टायरची उंची दोन इंचांनी वाढवली तर गोळा वर जातो फक्त एक इंच, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे मोठा दगड मधोमध आला, तर चार इंचवाला आणि बिनइंचवाला दोघंही तिथेच अडकणार. हे त्या शॉपच्या ब्रोशरमध्ये कुठेही छापलेलं नव्हतं.

पुढची बाजू वेगळी. तिथे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होतं, वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. पुढचा डिफरन्शिअल चेसिसला टांगलेला, त्यामुळे लिफ्ट केली की तो वर जातो. पण चाकं तर जमिनीवरच राहणार ना! मग डिफरन्शिअलपासून चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात. थोडे तिरके चालतात. जास्त झाले की सांध्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि एक दिवस वळताना कट-कट-कट. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटसुद्धा त्याच्या टोकाला जाऊन बसतो. साधारण दोन इंचांच्या पुढे ही दुखणी सुरू होतात, म्हणून बाजारातली समजूतदार किट ४० ते ५० मिलीमीटरवर थांबतात. त्याच्या वर जायचं तर नवे आर्म, डिफरन्शिअल खाली घेणारे ब्रॅकेट... आणि दादाच्या फोटोतल्या सहा इंचांसाठी तर पुढची आडवी क्रॉसमेंबर बदलून अख्खी खालची भूमिती खाली सरकवावी लागते. स्प्रिंगखाली नुसता ठोकळा घालून ते होत नाही.

ठोकळ्यावरून आठवलं. सगळ्यात स्वस्त जुगाड म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर. इथेही गंमत आहे. स्ट्रट आर्मच्या मध्येच कुठेतरी बसतो, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर टाकला की गाडी जवळजवळ दोन इंच उचलली जाते. मागे नेमकं उलटं. पाटे ज्या कडीला लटकतात ती शॅकल दोन इंच लांब लावली की गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. मी शॉपमधल्या मुलाला विचारलं, "तुमच्या कोटेशनमधले चार इंच म्हणजे स्पेसरचे की गाडीचे?" तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "लूक एकदम रावस येतो, मॅडम."

लूकचं नाकारत नाही मी. फोटोत सही दिसतं. पण मग मी शाळेनंतर पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला. गाडी किती सहज उलटेल, याचा एक सोपा हिशेब अमेरिकेतली रस्तासुरक्षा यंत्रणा वापरते : डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा चाकांमधलं अंतर १,५५० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमीवर. उत्तर येतं १.११. गुरुत्वमध्य ४५ मिमी वर नेला की १.०४. आणखी तेवढाच नेला की ०.९८. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. (चाकं आणि अ‍ॅक्सल खालीच राहतात, त्यामुळे गुरुत्वमध्य लिफ्टएवढा पूर्ण वर जात नाही, हे मान्य. पण हौद्यात सीताफळांचे क्रेट रचले की तो उरलेला हिशेब भरून निघतो.) आणि मी रोज कुठून जाते? दिवे घाटातून. बाकी काही सांगायला हवं का?

घाटातली आणखी एक गोष्ट. गाडी उंच झाली की हेडलाइट पण उंच होतात. नीट खाली सेट केले नाहीत तर समोरून येणाऱ्या टू-व्हीलरवाल्याच्या थेट डोळ्यांत. परवापर्यंत ती टू-व्हीलरवाली मीच होते, त्यामुळे हे फार लागलं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, करा काय करायचं ते, पण क्लेमच्या वेळी मला फोन करू नका." आता एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण खोटं कशाला बोलू? रस्त्यावर कितीतरी उंच गाड्या बिनधास्त फिरताना दिसतात, दादाचे मेसेज थांबत नव्हते आणि मलासुद्धा मनातून दोन इंच तरी हवेच होते. उंच गाडीत बसलं की समोरचा एसयूव्हीवाला हॉर्न मारताना जरा विचार करतो. मुलींना विचारा, या एका गोष्टीची किंमत काय असते ते.

म्हणून शेवटचा उपाय म्हणून चाचांकडे गेले. सासवड रस्त्याला त्यांचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना पिकअप त्यांनीच बावीस वर्षं सांभाळला. चाचांनी कोटेशनकडे पाहिलंही नाही. "गाडी खाली कुठं घासली ते बघितलंस का?" मी म्हटलं, नाही. "मग उंची कशाची वाढवतीस?"

त्यांनी मला खड्ड्यात उतरवलं, हातात टॉर्च दिला. बघते तर काय! पोटाखाली एक ओरखडा नाही. चेसिस कोरी, गिअरबॉक्स कोरा, तो सुप्रसिद्ध गोळाही कोरा. घासलं होतं दोनच ठिकाणी. पुढच्या बंपरची खालची कड आणि मागे आधीच्या मालकानं बसवलेला टो-हुक, जो चांगला वीतभर खाली लोंबत होता. त्या हुकनं मी आजवर काय ओढलं होतं? काही नाही. तो नुसता ओढ्यातली माती नांगरत होता.

मग टेप निघाली. मापायची पद्धत लिहून ठेवा, उपयोगी आहे : जमिनीपासून मापायचं नाही, टायरमधली हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. माझ्या एका मित्राच्या ऑफिसातल्या मुलाकडे हीच गाडी, त्याच वर्षाची, कसलाही बदल न केलेली. ती मापली, मग आमची. आमची पुढून ३२ मिलीमीटर खाली, मागून १८. कारण? आधीच्या मालकानं पुढे लोखंडाचा भलामोठा बुलबार ठोकला होता (असल्या बुलबारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं, ते आम्हाला गाडी घेताना कुठे ठाऊक!) आणि इतकी वर्षं ते वजन पुढच्या स्प्रिंगनी वाहिलं होतं. बिचाऱ्या थकल्या होत्या. म्हणजे मी ज्या गाडीची उंची वाढवायला निघाले होते, तिची असलेली उंचीच हरवली होती.

तरीही दादा चार इंचांवर ठाम. "किंग साइज टायर टाकायचेत ना नंतर!" म्हणून मग मी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि एक प्रयोग केला.

आमच्या घरापुढे कोबा आहे. त्याची कड अंगणापेक्षा बरोबर चार इंच उंच, मी मापली. गाडी कोब्याच्या अगदी कडेला लावली, ड्रायव्हरची बाजू अंगणाकडे. आता अंगणात उभं राहून गाडीत चढायचं म्हणजे चार इंच लिफ्ट केलेल्या गाडीत चढणं. आणि अण्णांना हाक मारली.

अण्णा चौसष्ट वर्षांचे. गेल्या वर्षी डावा गुडघा बदलला. त्याआधी बावीस वर्षं रात्री दोनला उठून पिकअपमध्ये क्रेट भरून मार्केट यार्ड गाठायचे. ऑपरेशननंतर जुना पिकअप विकला. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलंय, पण व्ही-क्रॉसला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. "पोरांची गाडी आहे" म्हणायचे.

आता लक्ष द्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. उजव्या दारानं चढताना पहिला पाय कोणता टाकता? डावा. सगळं वजन त्या डाव्या गुडघ्यावर येतं आणि मग उजवा पाय उचलला जातो. शॉपवाला म्हणाला होता, साइड स्टेप आहे ना! आहे, पण ती चेसिसलाच लावलेली. गाडी वर गेली की पायरी पण वर.

अण्णांनी पायरीवर डावा पाय ठेवला. हँडल धरलं. एकदा जोर केला. पाय थरथरला, खाली आला. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग थांबले, धोतर झटकल्यासारखी पँट झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आपला पलीकडनं बसत जाईन. नाहीतर हौद्यात. मालाबरोबर."

हसले ते. मी पण हसले. फोनमधून दादाचा आवाज येईना, मला वाटलं नेट गेलं.

मी जाऊन दोन इंची फळी आणली, त्यांच्या पायाखाली टाकली. म्हणजे आता फरक उरला दोन इंचांचा. या वेळी ते चढले, पण 'हं' असा आवाज काढून, आणि उतरताना मला खांदा द्यावा लागला. मग मी गाडी अंगणात घेतली, सपाट जागेवर. मी न बोलावता ते आले, दार उघडलं, चढले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आरसा स्वतःपुरता फिरवून घेतला. क्लच दाबून पाहिला. बराच वेळ उतरलेच नाहीत.

"काही करू नकोस," डॅलसवरून आवाज आला. नेट गेलं नव्हतं.

'काही नाही' असंही केलं नाही म्हणा. बुलबार भंगारात. टो-हुक काढला. पुढे कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंग आणि चारही शॉकअप नवे. मागचे पाटे चाचांच्या ओळखीच्या कारागिराकडून उतरवून, पुन्हा वाक देऊन, नवे बुश घालून बसवले. एक जास्तीचा पाटा घालू का, असं त्यानं विचारलं होतं. अण्णाच नको म्हणाले. जास्तीचा पाटा भरल्या गाडीला मानवतो, रिकामी गाडी मात्र खड्ड्यात बैलगाडीसारखी उडते, आणि आमची गाडी वर्षातले नऊ महिने रिकामीच पळणार. मग अलाइनमेंट, हेडलाइट सेटिंग. सगळं मिळून शॉपच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. पुढून ३२ मिलीमीटर परत मिळाले, मागून १८. आरसीतलं एक अक्षर न बदलता. माझ्या सोसायटीच्या तळघराबाहेर २.१ मीटरचा बोर्ड आहे, तिथे छतावर कॅरिअर लावूनसुद्धा गाडी निवांत आत जाते, हा बोनस.

ओढ्याचं काय? सप्टेंबरात सीताफळाचा तोडा होता. अण्णा पहाटेच किल्ली घेऊन बाहेर उभे. सव्वा इंच पायरी वर गेलीय, ते त्यांच्या लक्षात आलंच. "जरा उंच केलीस का गं?" म्हणाले, आणि चढले. ओढ्यापाशी मी नेहमी जाते तशी सरळ नाकावर न उतरवता त्यांनी गाडी थोडी तिरकी घेतली, एक चाक आधी, मग दुसरं. आवाज आला नाही. चढताना मी मागे वळून बघत राहिले, मागूनही काही नाही.

"तुम्ही तिरकी का घेतली?"

"पिकअप बावीस वर्षं काय सरळ उतरवत होतो व्हय?"

हे मला जुलैत का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणे, तू विचारलंस कुठं.

दादा डिसेंबरात सुट्टीवर येतोय. परवा त्याचा मेसेज होता, जास्त लांबीचे शॉकअप घातले तर उंची न वाढवता चाकाला हालचाल जास्त मिळते का, जरा चेक कर. सोबत एका पिकअपचा फोटो. हा मात्र साध्या उंचीचा आहे. मी चाचांना फॉरवर्ड केलाय.